मुलाची गाठ काढण्याआधी आणि काढल्यानंतर

माननीय संपादक यांस,
सविनय नमस्कार.

सप्टेंबर महिना बालकर्करोगाच्या जागृतीचा म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाविषयी वर्तमानपत्रांतून बरेच छापून येते. ते योग्यच आहे, कारण मुलांमध्ये तोच सर्वाधिक आढळतो. मात्र स्नायू, चरबी, तंतुमय ऊती, रक्तवाहिन्या अशा मऊ भागांत होणाऱ्या गाठींबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. मुलांच्या एकूण कर्करोगांत या गाठींचा वाटा साधारण सात टक्के आहे. त्यामुळे गावातल्या डॉक्टरांना सबंध कारकिर्दीत अशी एखाददुसरीच गाठ दिसते, आणि दिसते तेव्हा ती तशी असेल असे मनात येत नाही. मी जिल्ह्याच्या ठिकाणी तीस वर्षांहून अधिक काळ पॅथॉलॉजिस्ट म्हणून, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासून रोग ओळखणारा डॉक्टर म्हणून, काम केले आहे. या पत्रात औषधांविषयी मी थोडेच लिहिणार आहे. मला सांगायचे आहे ते गाठीला सुरी लागण्याच्या थोडे आधी आणि थोडे नंतर काय घडते याविषयी.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एक शेतकरी गृहस्थ कापडी पिशवीतून सलाईनची काचेची बाटली घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आले. बाटलीत त्यांच्या चार वर्षांच्या मुलाच्या मांडीतून काढलेली लिंबाएवढी गाठ होती. गाठ ताजी आणि मऊ असताना ती त्या अरुंद तोंडातून कशीबशी आत ढकलली गेली होती. काढलेला तुकडा सडू नये म्हणून वापरतात त्या फॉर्मॅलिन या द्रवात ती कडक झाली आणि मग बाहेर येईना. शेवटी फडक्यात गुंडाळून बाटली फोडावी लागली. (माझ्या पिढीतल्या पॅथॉलॉजिस्टांपैकी ज्याने अशी एकही बाटली फोडलेली नाही, असा मला तरी भेटलेला नाही.) द्रव जेमतेम निम्म्या गाठीला पुरेल इतकाच होता, गाठीला छेद दिलेला नसल्यामुळे तो आतपर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि मधला भाग सडून गेला होता. सोबतच्या चिठ्ठीवर फक्त दोन शब्द होते: गाठ, मांडी. वय नाही, गाठ किती दिवसांची ते नाही, सोनोग्राफी झाली होती की नाही तेही नाही. जे काही शाबूत होते त्यावरून मी ‘लहान गोल पेशींची घातक गाठ, नेमका प्रकार सांगता येत नाही’ असा अहवाल दिला. त्या मुलाला पुढे मोठ्या रुग्णालयात जावे लागले, जखमेच्या जागी उरलेल्या भागातून पुन्हा तुकडा घ्यावा लागला, आणि उपचार सुरू व्हायला जे आठवडे गेले ते भरून निघण्यासारखे नव्हते.

‘लहान गोल पेशींची गाठ’ हे निदान नव्हे, हे वाचकांना सांगितले पाहिजे. मुलांच्या अनेक घातक गाठी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्या दिसतात: गर्द निळ्या रंगाच्या, लहान, गोल पेशींचा दाट जमाव. त्यात स्नायूसारख्या पेशींपासून होणारा रॅब्डोमायोसार्कोमा असू शकतो, इविंग सार्कोमा असू शकतो, न्यूरोब्लास्टोमा असू शकतो किंवा लिम्फोमाही असू शकतो. या चौघांची औषधे वेगळी, त्यांचा क्रम वेगळा, शस्त्रक्रिया कधी करायची आणि किरणोपचार द्यायचे की नाही हेही वेगळे. त्यांतला फरक ओळखण्यासाठी पातळ कापावर ठरावीक प्रतिपिंडे घालून पेशींमधली प्रथिने रंगवावी लागतात. पेशीच्या केंद्रकात मायोजेनिन नावाचे प्रथिन तपकिरी उमटले तर गाठ रॅब्डोमायोसार्कोमाकडे झुकते. एका गाठीत मात्र याच्या उलट रंग न उमटणे हीच खूण असते: अगदी तान्ह्या मुलांत होणाऱ्या घातक रॅब्डॉइड गाठीत आयएनआय१ हे प्रथिन नाहीसे झालेले असते, शेजारच्या निरोगी पेशी रंगतात आणि गाठीच्या पेशी कोऱ्या राहतात. फॉर्मॅलिन नीट न मिळालेल्या तुकड्यातही रंग उमटत नाही. कोरी पेशी दिसली की ती रोगामुळे कोरी आहे की बाटलीमुळे, हा प्रश्न काचेवर डोळा लावून बसलेल्या माणसाला किती छळतो, हे त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळायचे नाही.

मुलांच्या मांसल भागांतील कर्करोगांपैकी जवळजवळ निम्मे रॅब्डोमायोसार्कोमाचे असतात, आणि त्याचे निदानही एका नावावर थांबत नाही. त्याच्या एका प्रकारात दोन जनुकांचे तुकडे एकमेकांना चुकीचे जोडले गेलेले असतात, बहुधा पॅक्स३ किंवा पॅक्स७ हे जनुक फॉक्सओ१ या जनुकाला; अशी जोडणी असलेली गाठ अधिक आक्रमक वागते आणि तिचे उपचार त्यानुसार ठरतात. ही जोडणी सूक्ष्मदर्शकाखालच्या नेहमीच्या स्लाइडवर दिसत नाही. ती जनुकीय तपासणीतच सापडते, आणि त्या तपासणीसाठी लागणारी आरएनए, डीएनए ही द्रव्ये फार नाजूक असतात. तुकडा तासन्‌तास कोरड्या गॉजमध्ये राहिला, नुसत्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये घातला गेला, किंवा फॉर्मॅलिनमध्येच दोन-तीन आठवडे पडून राहिला, तर कितीही महागडे यंत्र असले तरी त्यातून काही वाचता येत नाही. अमेरिकेत १९७२ मध्ये या एका रोगासाठी अनेक रुग्णालयांनी मिळून अभ्यास सुरू केला. त्याआधी ज्या रोगात फार थोडी मुले वाचत, त्यात गाठ एकाच ठिकाणी असलेल्या मुलांपैकी आज तिथे सत्तर टक्क्यांहून अधिक वाचतात. रोग नेमका ओळखून मुलांचे गट पाडता आले, त्या पायावर हे यश उभे आहे.

दुसऱ्या बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे, आणि तो सांगताना मला माझी स्वतःची चूक कबूल करावी लागते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शाळकरी मुलाच्या दंडातली तीन आठवड्यांत वाढलेली गाठ माझ्याकडे आली. पेशी भराभर विभागत होत्या, कडा अस्पष्ट होत्या, आणि मी सार्कोमा, म्हणजे मांसल भागाचा कर्करोग, असा अहवाल लिहिला. सुदैवाने शस्त्रवैद्यांनी घाई केली नाही आणि स्लाइड मोठ्या केंद्रातील ज्येष्ठांकडे पाठवल्या. त्यांनी ती नोड्युलर फॅसायटिस असल्याचे कळवले. ही गाठ दिसते भयंकर, वाढते झपाट्याने, पण वागते साधी, आणि पुष्कळदा आपोआप जिरते. एका सौम्य गाठीपायी त्या मुलाला केमोथेरपी मिळाली असती. तान्ह्या मुलांच्या गाठींत तर अशी फसवणूक पावलोपावली होते: बाळाच्या काखेतली तंतुमय हॅमार्टोमा, वेगाने वाढणारा लायपोब्लास्टोमा, काही काळाने स्वतःहून लहान होणारा मायोफायब्रोमा. तेच चित्र तीन महिन्यांच्या बाळात एक अर्थ सांगते आणि तीस वर्षांच्या माणसात दुसरा, म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर वय लिहिलेले नसेल तर पॅथॉलॉजिस्ट अर्धा आंधळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या गाठींच्या वर्गीकरणात मुलांसाठी स्वतंत्र खंड निघाला तो थेट पाचव्या आवृत्तीत. मुलांच्या गाठी हा वेगळा विषय आहे हे मान्य व्हायला आमच्या शास्त्रालाही इतका काळ लागला.

आता घरच्यांच्या बाजूने पाहू. लहान मुलाच्या अंगावर हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, आणि हे पत्र वाचून कोणी रात्रभर मूल चाचपत बसावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. जन्मानंतर डाव्या दंडावर बीसीजी टोचली की पुढच्या काही महिन्यांत डाव्या काखेत गाठ येऊ शकते आणि ती बहुधा आपोआप जिरते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातल्या लसींनंतर मांडीत बारीक कडक गोळा राहतो आणि काही आठवड्यांत विरघळतो. दोन ते चार आठवड्यांच्या बाळाच्या मानेच्या स्नायूत कडक गाठ लागते आणि मान एका बाजूला कलते. तीही व्यायामाने बहुतेकदा वर्षभरात जाते आणि तिला सुरी लावायची गरज नसते. लसीमुळे कर्करोग होत नाही, हे स्वच्छ सांगतो. अडचण वेगळीच आहे. ‘इंजेक्शनची गाठ आहे, शेका’ हे उत्तर आपल्याकडे इतके तयार असते की लसीशी काहीही संबंध नसलेली गाठही त्या नावाखाली महिनोन्‌महिने शेकली जाते, तिला तेल चोळले जाते, तिच्यावर लेप लागतात, काही भागांत तर डागही दिला जातो. मानेतल्या गाठीला तुकडा न तपासताच क्षयाची औषधे सुरू होतात आणि ती कमी होत नाही म्हणून आणखी काही महिने तीच चालू राहतात.

कोणत्या गाठीची काळजी करावी याचे सोपे उत्तर असे, की जी लहान होत नाही तिची. इंजेक्शनची म्हणून सोडलेली गाठ चार-सहा आठवड्यांनी तेवढीच किंवा मोठी असेल, ती खोलवर स्नायूला धरून बसलेली असेल, कडक असेल, किंवा तिच्यामुळे मूल हात-पाय हलवेनासे झाले असेल, तर सोनोग्राफी करून घ्यावी. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण या घातक गाठी सुरुवातीला बहुधा दुखत नाहीत आणि आई-वडील नेमके त्यामुळेच गाफील राहतात. काही गाठी तर गाठीसारख्या दिसतच नाहीत. काही दिवसांत किंवा आठवड्यांत एकच डोळा पुढे आला, कान फुटला म्हणून औषधे घालूनही कानातून रक्तमिश्रित पाणी येत राहिले आणि आत मांस वाढलेले दिसले, लहान मुलीच्या योनिमार्गातून द्राक्षाच्या घडासारखा मऊ भाग बाहेर डोकावला, तर त्यामागे रॅब्डोमायोसार्कोमा असू शकतो. शेवटच्या लक्षणाबाबत संकोचापायी किती वेळ जातो हे मी पाहिले आहे.

तान्ह्या बाळांतली एक गाठ मात्र अशी आहे की तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगितलेच पाहिजे. रक्तवाहिन्यांची लालसर गाठ, जिला डॉक्टर हेमँजिओमा म्हणतात, ती जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागते, पहिले पाचेक महिने झपाट्याने वाढते आणि पुढे काही वर्षांत हळूहळू विरते. ती घातक नसते. रक्तदाबाचे जुने औषध प्रोप्रॅनोलॉल तिच्यावर गुणकारी ठरते, हे २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो येथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून असंख्य बाळांचे भले झाले. पण याच वयात, अशाच जांभळट रंगाची, डॉप्लर सोनोग्राफीवर तसाच भरपूर रक्तप्रवाह दाखवणारी आणखी एक गाठ असते: इन्फन्टाइल फायब्रोसार्कोमा. ती जन्मतःच असू शकते, आणि पाहणाऱ्याला हेमँजिओमाच वाटते. मनगटाच्या वर अशी सूज असलेल्या एका बाळाचा तुकडा माझ्याकडे आला तेव्हा बाळ पाच महिन्यांचे होते आणि दोन महिने प्रोप्रॅनोलॉल घेऊनही सूज वाढतच होती. औषध देणाऱ्या डॉक्टरांनी ‘औषध लागू पडत नाही, म्हणजे आपले निदान चुकले असावे’ असा विचार करून बारीक सुईऐवजी जाड सुईने, म्हणजे ट्रू-कट पद्धतीने, चार तुकडे घेतले आणि ते लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकले. चिठ्ठीवर सगळे लिहिले होते. अशी चिठ्ठी मिळाली की आमचे निम्मे काम झालेले असते.

या गाठीचे नाव ऐकून धसका बसतो, पण नीट उपचार झाल्यास यातली बहुसंख्य मुले वाचतात. पूर्वी तिच्यापायी कित्येक बाळांचे हात-पाय कापले गेले. १९९८ मध्ये असे समजले की बहुतेक इन्फन्टाइल फायब्रोसार्कोमांत ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ ही दोन जनुके जोडली गेलेली असतात आणि त्या जोडणीमुळे पेशींना वाढीचा इशारा अखंड मिळत राहतो. पुढे हा इशाराच तोडणारे लॅरोट्रेक्टिनिब हे औषध आले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्याला मान्यता दिली, तीही शरीरातला अवयव न पाहता केवळ ही जोडणी पाहून. औषध अत्यंत महाग आहे, आणि सौम्य केमोथेरपीनेही पुष्कळ बाळांची गाठ शस्त्रक्रियेच्या आवाक्यात येते. पण यांतला कोणताही मार्ग निवडण्यासाठी आधी गाठीचे नाव ठाऊक असावे लागते, आणि नाव कळण्यासाठी शाबूत तुकडा हवा.

‘सुई लावली की गाठ चिडते’ हा समज आपल्याकडे शिकलेल्या घरांतही घट्ट बसलेला आहे. त्यामुळे होते असे, की बायोप्सीला, म्हणजे तपासणीसाठी तुकडा घेण्याला, नकार देणारे आई-वडील संपूर्ण गाठ ‘एकदाची काढून टाका’ या सूचनेला मात्र चटकन होकार देतात, आणि डॉक्टरांनाही ते सोपे वाटते. या रोगात याहून घातक सौदा नाही. नीट आखून, सोनोग्राफीच्या आधाराने घेतलेल्या जाड सुईच्या तुकड्याने रोग पसरण्याची भीती अगदीच नगण्य आहे. विचार न करता घातलेल्या छेदाने मात्र खरेच नुकसान होते. घातक गाठ अर्धवट निघते, तिच्या पेशी आजूबाजूच्या थरांत आणि रक्ताच्या गोळ्यात मिसळतात, आणि दंडावर किंवा मांडीवर आडवा छेद घेतलेला असेल तर पुढच्या शस्त्रवैद्याला दूषित झालेला भाग काढताना निरोगी स्नायूही गमवावा लागतो. अवयवावर छेद उभा, म्हणजे अवयवाच्या लांबीच्या दिशेने घ्यावा, आणि सुईची वाटही पुढच्या शस्त्रक्रियेत काढता येईल अशी निवडावी, हा या शाखेतला जुना दंडक आहे. अमेरिकी अस्थिशल्यविशारद हेन्री मॅनकिन यांनी १९८२ मध्ये हाडे आणि मांसल भागांतील गाठींच्या ३२९ रुग्णांच्या बायोप्सींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात चुकीच्या बायोप्सीमुळे ४.५ टक्के रुग्णांना एरवी टळू शकला असता असा अवयवछेद सोसावा लागला होता. चौदा वर्षांनी, १९९६ मध्ये, ५९७ रुग्णांच्या दुसऱ्या आढाव्यातही ते प्रमाण तीन टक्के निघाले. ते रुग्ण मुख्यतः मोठ्या वयाचे होते, पण त्यामागचा धडा मुलांनाही तंतोतंत लागू आहे, कारण वाढत्या वयाच्या मुलाचा एक स्नायू गेला तरी त्याची किंमत तो आयुष्यभर मोजतो. ज्या केंद्रात पुढे शस्त्रक्रिया व्हायची आहे तिथेच बायोप्सी व्हावी, आणि बायोप्सीच्या आधी एमआरआय व्हावा, कारण सुई गेल्यानंतर आतल्या रक्तस्रावाने चित्र बदलते.

काही वेळा तर गाठ माझ्यापर्यंत पोहोचतच नसे. शस्त्रक्रियेनंतर वाटीत ठेवलेली गाठ नातेवाइकांना दाखवली जाते, ‘साधीच दिसते, तपासायला पाठवायची का?’ असे विचारले जाते, आणि काही शे रुपये वाचतील म्हणून ती कचऱ्यात जाते. सहा महिन्यांनी त्याच जागी ती परत आली की आधी काय होते हे सांगणारा कोणताही पुरावा उरलेला नसतो. मुलाच्या अंगातून काढलेली कोणतीही गाठ, ती चरबीची वाटो की गळवाची, तपासायला गेलीच पाहिजे. हा प्रश्न नातेवाइकांना विचारण्याचा नाही.

आणि तपासणी झाल्यावर अहवालाच्या कागदाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मेणाचा ब्लॉक मोलाचा असतो. तुकडा पॅराफिन मेणात बसवून केलेली ही बोटाच्या पेराएवढी चौकोनी वडी सामान्य तापमानाला वर्षानुवर्षे टिकते आणि तिच्यापासून पुन्हा पुन्हा काप काढता येतात. मुलाला पुढे मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किंवा अन्य मोठ्या केंद्रात नेताना पालकांनी अहवाल, स्लाइड आणि ब्लॉक हे तिन्ही मागून घ्यावेत. शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पुडीत ब्लॉक घेऊन रात्रीच्या एसटीने निघालेले कितीतरी बाप मी पाहिले आहेत, आणि त्या पुडीमुळे त्यांच्या मुलांची दुसरी बायोप्सी टळलेली आहे. फक्त मे महिन्यात ती पुडी उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काचेजवळ ठेवू नये. हे मेण साठ अंशांच्या आतबाहेर वितळते.

शासनाकडे मागणे फार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांना तपासायला जातात. कपडे काढून मूल पाहणे आणि चार-सहा आठवड्यांत न जिरलेल्या गाठीची नोंद करून तिला सोनोग्राफीसाठी जिल्ह्याला पाठवणे, एवढे त्यांच्या कामात आवर्जून यावे. आपल्या आरोग्य योजनांची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाभोवती आहे, आणि या मुलांचा बराचसा खर्च त्याआधी, निदानाच्या पायरीवरच होतो. प्रतिपिंडांच्या आणि जनुकीय चाचण्यांचा भार पालकांवर पडू नये असा मार्ग काढावा. आणि ग्रामीण रुग्णालयापासून खासगी नर्सिंग होमपर्यंत जिथे जिथे सुरी चालते तिथे शस्त्रक्रियागृहात रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरण्या भरून ठेवाव्यात. द्रवाची कृती साधी आहे: एक लिटरसाठी बाजारात मिळणारे फॉर्मॅलिन १०० मिलिलिटर, शुद्ध पाणी ९०० मिलिलिटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. गाठीच्या दहापट द्रव असावा, मोठ्या गाठीला एक छेद देऊन मगच ती आत सोडावी, आणि बरणीवर मुलाचे नाव, वय, गाठीची जागा आणि ती काढल्याची वेळ लिहावी. झाकणावर नव्हे, बरणीवर, कारण प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत झाकणांची अदलाबदल होते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, सातारा